बेरीज जुळत नाही, ताई

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच घेतली आहेत. पाचही जणांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे: शोध बरोबर चालतो, पण त्याखालचे आकडे पटत नाहीत. पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त लागली, त्याबद्दल बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयातल्या ३८ हजार पुस्तकांची यादी मी आणि माझ्या भाच्याने मिळून इलॅस्टिकसर्चवर (मोठ्या याद्यांत शोध घेणाऱ्या संगणक प्रणालीवर) चढवली. 'ग्रामीण' शब्द टाकला की वर '२४० पुस्तके सापडली' असं येतं आणि डावीकडे विषयवार आकडे येतात: कादंबरी ८१, कथासंग्रह ४४ वगैरे. परवा समितीतल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी ते आकडे कागदावर मांडले. बेरीज १९७ आली. "उरलेली ४३ पुस्तकं कुठे ठेवलीत?" म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. सोबत पडद्याचा फोटो आणि भाच्याने काढलेलं इलॅस्टिकसर्चचं कच्चं उत्तर जोडलंय. – ग्रंथपाल, नेरूळ

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा. संगणकाने छापलेल्या आकड्यांची हाताने बेरीज करणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी हट्टाने त्यांच्याबरोबर जायची. सकाळभर येईल ती नोंद रोजकीर्दीत पडायची: अमकी गाडी, इतक्या गोणी, अमक्याच्या नावे. दुपारी बाजार थंडावला की अण्णा खतावणी उघडायचे आणि रोजकीर्दीतली एकेक ओळ ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचे. तुमची शोधाची पेटी म्हणजे रोजकीर्द चाळणं. डावीकडचे आकडे म्हणजे खतावणी, यालाच ॲग्रिगेशन म्हणतात. जेवढं शोधात सापडलं तेवढ्याचीच खाती पडतात, हे आधी लक्षात घ्या. 'ग्रामीण' ऐवजी 'नागरी' टाकलंत की खतावणीही नवी होते.

आता तुमची ४३ पुस्तकं. खाती पाडण्याचा जो प्रकार तुम्ही वापरलाय, 'टर्म्स', तो काही न सांगता फक्त पहिली १० खाती देतो. भाच्याने आकडा दिलेला नाही, म्हणून १०च आली. पण उरलेल्यांचं काय झालं हे तो लपवत नाही. कच्च्या उत्तरात 'सम अदर डॉक काउंट' नावाची ओळ आहे बघा, तिच्यापुढे ३१ लिहिलंय. अण्णांच्या वहीत या ओळीला 'किरकोळ' म्हणत. तुमच्या पडद्यावर ती दाखवलेलीच नाही, एवढाच दोष. ४३ मधून ३१ गेले, राहिले १२. त्या १२ पुस्तकांचा विषयच कुणी भरलेला नाही. ज्याचं खातंच नाही ते किरकोळमध्येही धरलं जात नाही, थेट गळतं. 'मिसिंग' ही सोय वापरून त्यांना 'विषय नोंदवलेला नाही' असं खातं द्या, म्हणजे कपाटातून ती १२ पुस्तकं शोधून काढताही येतील. १९७, ३१ आणि १२ मिळून २४०. काकांना हा कागद दाखवा.

एक सावधगिरी. उद्या एका पुस्तकाला दोन विषय द्यायला लागलात, समजा कादंबरीही आणि बालसाहित्यही, तर ते पुस्तक दोन्ही खात्यांत मोजलं जाईल आणि बेरीज २४० च्या वर जाईल. तेव्हा काकांना पुन्हा बोलावू नका. ती चूक नसेल.

पण तुमच्या फोटोत मला दुसरंच काही दिसलं आणि मी चहा बाजूला ठेवला. यादीत 'वऱ्हाडी साहित्य' दोनदा आलंय, एकदा ६ आणि एकदा ५. डोळ्यांना दोन्ही सारखंच. मी दोन्ही ओळी उचलून एकेक अक्षर सुटं करून पाहिलं. एका ठिकाणी 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त आहे. दुसरीकडे साधा 'र', हलन्त, आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. मराठी टंकलेखनात ही दोन्ही वळणं चालतात. कुणी कुठल्या कळफलकावर शिकलं त्यावर ते ठरतं. कागदावर फरक शून्य, पण खतावणी अक्षरांच्या संकेतांवरून पडते, दिसण्यावरून नाही. 'शेतकऱ्यांची', 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर' या सगळ्यांत हीच भानगड आहे. ते जोडचिन्ह नुसतं पुसून टाकू नका. 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होईल आणि तिसरं खातं उघडेल. माहिती चढवतानाच दुसरं वळण पहिल्यात बदलून घ्या, किंवा विषयाच्या कीवर्ड फील्डला (म्हणजे मजकूर तुकडे न करता अख्खा ठेवणाऱ्या रकान्याला) नॉर्मलायझर, म्हणजे अक्षरं एकसारखी करून घेणारी सोय, लावून त्यात ही अदलाबदल सांगा. दोन्ही एक झाली की ११ होतील आणि वऱ्हाडी साहित्य थेट पाचव्या जागी येईल. तुमच्या गावाचंही तेच होणार: अर्ध्या नोंदींत 'नेरूळ', अर्ध्यांत 'नेरुळ'. शेवटी एक जादा स्पेस राहिली तरी नवं खातं पडतं.

जाता जाता: विषयाचं फील्ड 'कीवर्ड' ठेवलंत हे उत्तम. ते 'टेक्स्ट' असतं तर 'ऐतिहासिक कादंबरी'चे दोन तुकडे होऊन 'ऐतिहासिक' एकीकडे आणि 'कादंबरी' दुसरीकडे मोजली गेली असती. २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून तर टेक्स्ट फील्डवर खाती पाडायला गेलं की इलॅस्टिकसर्च सरळ नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : ताई, आमचा मार्केटात गाळा आहे. कुठल्या गावाच्या नावे किती पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) फाटल्या हे बघायला मी इलॅस्टिकसर्चमध्ये प्रत्येक महिन्याची वेगळी इंडेक्स (नोंदींचा साठा) केलीय. वर्षाची पहिली १० गावं काढली तर त्यात ओतूर नाही. बाबा म्हणतात, शक्यच नाही, ओतूरचा माल बाराही महिने येतो. वेग वाढावा म्हणून एकाच्या सांगण्यावरून 'शार्ड साइझ' १० वर आणला होता, बाकी काही बदललं नाही. – तुर्भे

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. तुमचा पत्ता वाचून मला बरं वाटलं हेही सांगून टाकते. आणि तुम्ही चुकलात ती चूक मी स्वतः करून बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इलॅस्टिकसर्च माहिती तुकड्यांत ठेवतं, त्यांना शार्ड म्हणतात. ७.० आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०१९ पूर्वी, कुठलीही इंडेक्स केली की आपोआप ५ शार्ड व्हायचे. आता १ होतो. पण तुम्ही महिन्यागणिक इंडेक्स केलीत, म्हणजे वर्षाला किमान १२ शार्ड झालेच. खतावणी मागितली की प्रत्येक शार्ड स्वतःपुरती करतो आणि आपल्या यादीतली वरची काही नावं पुढे धाडतो. मध्ये बसलेला कारकून फक्त आलेल्या नावांची बेरीज मारतो. कुणी काय मागे ठेवलं ते त्याला ठाऊक नसतं.

तीन महिन्यांच्या तीन वह्या धरा आणि प्रत्येकीने फक्त पहिली दोन गावं सांगायची असं ठरवा. पहिल्या वहीत लासलगाव ४०, चाकण ३०, ओतूर २९, पिंपळगाव ४. दुसरीत पिंपळगाव ३५, लासलगाव ३३, ओतूर ३२, चाकण २. तिसरीत चाकण ३८, पिंपळगाव ३१, ओतूर ३०, लासलगाव ३. कारकुनाच्या हाती काय येतं? लासलगाव ७३, चाकण ६८, पिंपळगाव ६६. ओतूरचं नावही नाही. आता तिन्ही वह्या स्वतः उघडा: ओतूर ९१, लासलगाव ७६, चाकण आणि पिंपळगाव ७०-७०. जे गाव एकाही महिन्यात वर आलं नाही, ते तिमाहीत पहिलं आहे. बाराही महिने थोडा-थोडा माल पाठवणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

म्हणूनच इलॅस्टिकसर्च आपण होऊन थोडी जास्त नावं मागवतं. १० खाती हवी असतील तर प्रत्येक शार्डकडून २५ नावं घेतं: दीडपट अधिक १०. हाच तो 'शार्ड साइझ'. तुम्ही तेच २५ वरून १० केलंत. ज्याने सल्ला दिला त्याने वेग मोजला असेल, उत्तर मोजलं नसेल. तो आकडा काढून टाका, किंवा उलट २०० करा. तुमच्याकडे गावं असून असून किती असणार?

उत्तरात 'डॉक काउंट एरर अपर बाउंड' अशी लांबलचक ओळ येते. ती बघायची सवय लावून घ्या. प्रत्येक शार्डने पाठवलेल्या शेवटच्या नावाचा आकडा घेऊन त्यांची बेरीज केलेली असते. वरच्या उदाहरणात ३०, ३३ आणि ३१, म्हणजे ९४. अर्थ असा की जे नाव यादीत आलंच नाही त्याच्या नावावर जास्तीत जास्त ९४ असू शकतात. यादीतला पहिला ७३ वर आणि न आलेल्याची शक्यता ९४ पर्यंत! एवढं वाचलं असतं तरी शंका आली असती. मी वाचलं नव्हतं. २०१६ मध्ये महापेच्या ऑफिसातून मी एका ग्राहकाला शहरवार तक्रारींची यादी पाठवली, त्यांनी ती आपल्या जुन्या डेटाबेसशी ताडून पाहिली आणि एक अख्खं शहर गायब निघालं. त्या संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत, रबाळे ते ठाणे, मी ही तीन वह्यांची आकडेमोड तिकिटाच्या पाठीमागे केली होती. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

एकही गाव न वगळता सगळी खतावणीच हवी असेल तर 'कंपोझिट' प्रकार वापरा. तो पानापानाने सगळी खाती देतो आणि पुढचं पान कुठून सुरू करायचं याची खूण सोबत देतो. तो क्रम आकड्याने लावत नाही, नावाने लावतो. वर-खाली तुम्ही तुमच्याकडे लावा. आणि उलट क्रमाने 'सगळ्यात कमी माल कुणाचा' असं टर्म्सला विचारू नका. तिथे चूक किती याचा अंदाजही मिळत नाही.

पत्रात शेवटी तुम्ही सरासरी भावाचंही विचारलंय. गावाच्या प्रत्येक खात्याखाली पोटखातं काढून सरासरी मागता येते, पण साधी सरासरी प्रत्येक पट्टीला सारखंच वजन देते. २०० गोणी १८ रुपये किलोने गेल्या आणि ५ गोणी २६ ने, तर ती २२ सांगेल. बाबा हसतील. 'वेटेड ॲव्हरेज' घेऊन वजनाच्या जागी गोण्या द्या, १८ रुपये २० पैसे येतील.

प्रश्न : कोपरीत आमचं दूधवाटप आहे. पोरं पहाटे ४ पासून ७ पर्यंत पिशव्या टाकतात आणि मोबाइलवर खूण करतात. दिवसवार आलेख काढला तर सोमवारचे निम्मे लिटर रविवारी दिसतात. पोरं खोटी खूण करतात का? – ठाणे पूर्व

उत्तर : पोरांना काही बोलू नका. पहाटे उठतात बिचारी.

इलॅस्टिकसर्चचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, तेव्हा कोपरीत सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. साडेपाचच्या आधी टाकलेली पिशवी त्याच्या हिशेबी 'काल' टाकलेली. तारखेची खाती पाडणाऱ्या 'डेट हिस्टोग्राम'ला 'टाइम झोन' म्हणून 'एशिया/कोलकाता' द्या. पण त्याआधी एक नोंद कच्ची उघडून पाहा. पहाटे ४:१० ची खूण मागच्या तारखेला २२:४० अशी साठलेली दिसली तर ठीक, वरचा उपाय लागू. पण तिथेही ४:१० च असेल आणि पुढे कुठलाच विभाग लिहिलेला नसेल, तर तुमचं ॲप भारतीय वेळ ग्रीनिचची म्हणून खपवतंय. मग टाइम झोन दिल्याने घोळ वाढेल. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून पहिला प्रकार वाटतो.

महिन्याचा हिशेब काढताना 'कॅलेंडर इंटरव्हल' घ्या, ३० दिवसांचे ठरावीक तुकडे नकोत. नाहीतर जुलैपर्यंत तुमचा महिना सरकलेला असेल आणि गिऱ्हाइकांशी भांडणं होतील. ज्या दिवशी वाटपच झालं नाही तो दिवस शून्याने दिसतो, तो काढू नका.

प्रश्न : जुन्या सायकलींच्या माझ्या साइटवर डावीकडे 'वाशी १४, सानपाडा ९, ऐरोली ६' असं येतं. वाशीवर टिचकी मारली की बाकीची नावं नाहीशी होतात. गिऱ्हाईक सानपाड्याला परत जाणार कसं? – कोपरखैरणे

उत्तर : टिचकी मारल्यावर तुम्ही 'वाशी' ही अट शोधातच घालताय, म्हणून खतावणीही वाशीपुरतीच उरते. ती अट 'पोस्ट फिल्टर'मध्ये टाका. मग खाती आधी सगळ्यांची पडतील आणि नंतर फक्त सायकलींची यादी वाशीवर गाळली जाईल. हे आकडे दाखवणं आणि यादी देणं दोन्ही एकाच वेळी हवं असेल तेव्हासाठी. नुसते आकडेच हवे असतील, उदाहरणार्थ पहिल्या पानावर, तर 'साइझ' शून्य करा. एकही सायकल न आणता फक्त मोजणी येते आणि पुढच्या वेळी ती साठवलेलीच मिळते.

प्रश्न : ऐरोलीत माझे डबे आहेत. वेगळे ग्राहक मोजले तर जानेवारीत ११८, फेब्रुवारीत १२४, मार्चमध्ये १३१ आणि तिमाहीत १६०. तिन्हींची बेरीज ३७३ होते. कुणीतरी सांगितलं की ही मोजणी अंदाजेच असते. इतकी? – ऐरोली

उत्तर : नाही हो ताई. अंदाजे असते हे खरं. वेगळी नावं मोजणारं 'कार्डिनॅलिटी' प्रत्येक नाव लक्षात ठेवत बसत नाही, हायपरलॉगलॉग नावाच्या युक्तीने आकडा काढतं. पण काही न सांगता ३,००० पर्यंत तो जवळजवळ अचूक असतो आणि मर्यादा ४०,००० पर्यंत वाढवता येते. त्याची काळजी लाखो ग्राहकवाल्यांनी करावी. तुमच्याकडे जानेवारीत जेवणारा माणूस मार्चमध्येही जेवतोय, म्हणून त्याला तिमाहीत एकदाच धरलं. बेरीज करायचीच नसते ती.

१६० मात्र मला थोडे जास्त वाटतात. फोन नंबरावरून मोजताय ना? काहींच्या नंबरामागे अधिक ९१ आहे, काहींच्या नाही, हे तुमच्या पत्रासोबतच्या यादीतच दिसतंय. चौथी आणि एकोणिसावी ओळ एकाच माणसाची आहे.